धाकूमामा आणि जाड तार

गिटार सुरू झाली की धाकूमामा उठून चालू लागत.

बाकी सगळे जवळ येत. मुलं रंगमंचाच्या फळ्यांना हनुवटी टेकून बसत, बायका पदर सावरत पुढे सरकत. गिटारीचा आवाज मोठा करणारं यंत्र ज्यांनी डोक्यावरून गावापर्यंत आणलेलं असे, ते धाकूमामा मात्र आमच्याकडे पाठ करून कापणी झालेल्या शेतात उतरत. धसकटं तुडवत एकेक बांध ओलांडत आणि शेवटच्या बांधावर जाऊन उभे राहत. परत आले की दोनपैकी एक शब्द बोलत, 'हाय' किंवा 'न्हाई'. 'न्हाई' आलं तर पाठोपाठ सूचना असे. "खोकं वाईच डोंगराकडं फिरवा." किंवा, "बॅटरी दमलीया." निघण्यापूर्वी दरवेळी एकच गोष्ट सांगत, "मास्तर, आधी जाड तार."

हे सगळं दिवस मावळताना, नाटकाच्या आधी वाद्यं जुळवायच्या वेळी चाले. मी तेव्हा रामनगरच्या शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या नाटक मंडळात हवाईयन गिटार वाजवी. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीने वाजवतात. विजेच्या यंत्राशिवाय तिचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जात नाही. पहिल्या वर्षी धाकूमामांचं ते उठून जाणं मला लागलं. मी विचारलं, "मामा, एवढं वाईट वाजवतो का मी?"

"तसं न्हाई गा मास्तर," ते म्हणाले. "जवळ बसल्यावर समदंच ग्वाड लागतं. भुकेल्याला इचारू नये, भात कसा झालाय म्हणून."

मी ते एका हमालाचं चमत्कारिक बोलणं समजून सोडून दिलं. खरं कारण कळायला मला चार वर्षं लागली.

आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात तो तेव्हा सुप्याच्या नावाने ओळखला जाई. धाकूमामा त्यातल्या गुंद गावचे. गावाच्या खाली एक ओढा आहे, त्याच्या पलीकडच्या अंगाला तीन घरं होती. त्यांतलं एक त्यांचं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. पावसाळ्यात भातशेती करायची आणि कापणी उरकली की रामनगरला येऊन लाकडाच्या डेपोत भार वाहायचा, हा त्यांचा वर्षाचा क्रम होता. अंगाने ठेंगणे, मान खांद्याएवढी रुंद. डोक्यावर चुंबळ असे ती नेहमी एकाच हिरव्या लुगड्याच्या चिंधीची. डेपोतली माणसं त्यावरून त्यांची चेष्टा करत. "धाकू, बायकोचं लुगडं फाडलंस व्हय रं?" ते शांतपणे म्हणत, "बायको असती तर तिनं फाडू दिलं असतं काय?"

ते आमच्या मंडळात आले ते व्हॉल्व्हमुळे. १९५८ साली मंडळाने बेळगावहून एक अँप्लिफायर जुळवून आणला. जुन्या रेडिओत असत तसे पाच काचेचे व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, बारा इंची स्पीकर. तो ट्रकच्या बॅटरीवर चाले, कारण ज्या गावांत आम्ही जात असू तिथे वीज नव्हती. डेपोतल्या सुताराने त्याला सागवानाची पेटी करून दिली होती, इंचभर जाडीच्या फळ्यांची, तेलपाणी करून आरशासारखी घोटलेली. लोक गिटारीपेक्षा त्या पेटीवरून जास्त हात फिरवत. आम्ही त्याला मशीन म्हणत असू, धाकूमामा खोकं म्हणत.

पहिल्याच प्रवासात मशीन बैलगाडीत ठेवलं आणि वाटेत दोन व्हॉल्व्ह गेले. बॅटरीला धक्क्याचं भय नव्हतं, ती पुढेही गाडीतूनच जाई. व्हॉल्व्हच्या आतली तार मात्र केसासारखी असते. दोघांनी मशीन बांबूला टांगून नेऊन पाहिलं, ते झोके खाऊ लागलं आणि तिसरा व्हॉल्व्ह गेला. तेव्हा डेपोतल्या कुणीतरी धाकूमामांना बोलावलं. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आत काय हाय?"

"काच," मी म्हणालो.

"मग डोक्यावरनं न्यायाचं. माणसाचं डोसकं गाडीगत आदळत न्हाई."

त्या दिवसापासून एकही व्हॉल्व्ह वाटेत गेला नाही. बसमध्येसुद्धा ते मशीन खाली ठेवत नसत. मांडीवर वाकळ, तिच्यावर मशीन आणि वर दोन्ही हात, असे बसत. एकदा कंडक्टर अडून बसला. म्हणाला, याला वेगळं तिकीट लागेल. धाकूमामा म्हणाले, "लागू दे की. पण मग त्याला बसायला जागा द्या. हे माझ्या मांडीवर बसलंय, म्हंजे पोर हाय. मांडीवरच्या पोराचं तिकीट घेता व्हय तुमी?" सगळी बस हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला.

बस सुटली की पायवाट. या मुलखात जुन्या वाटांवर छातीएवढ्या उंचीचे दगडी ओटे बांधलेले असत. कुणाच्या मदतीशिवाय डोक्यावरचा भार त्यांवर सरकवून विसावता येई. धाकूमामा अंतर कोसांत सांगत नसत, ओट्यांत सांगत. "गुंद अजून तीन विसावं हाय." मशीन ओट्यावर ठेवलं की ते त्याला पाठ टेकून उभे राहत, बसत नसत. बसलं की मान परत भार घ्यायला रुसते, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही नट, वादक मागून रिकाम्या हातांनी गप्पा मारत येत असू. ते आमच्याकडे बघून म्हणत, "या, या. हात दुखले आसतील न्हवं, हलवून हलवून?"

१९६२ च्या उन्हाळ्यात अणशीच्या वाटेवर ते एका विसाव्यापाशी थांबले आणि मान वळवता येईना. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने घेतला आणि तो त्यांच्या हातातून पडला. त्यांनी बोटांकडे पाहिलं, मिटून उघडून पाहिली आणि म्हणाले, "ही माझी न्हाईत." मग उजव्या हाताने चुंबळ सारखी करून त्यांनी मशीन परत डोक्यावर घेतलं. आम्ही नको म्हणत असताना घेतलं. अणशीचं नाटक झालं.

मी त्यांना बेळगावच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी मानेचे मणके दाबले गेल्याचं सांगितलं. डेपोचं काम बंद. डोक्यावर दहा किलोच्या वर भार घेतला तर आज बोटं गेली आहेत, उद्या हात जाईल. बाहेर आल्यावर धाकूमामा म्हणाले, "धा किलो तर माझं डोसकंच भरंल." विनोद केला, पण त्यावर ते स्वतः हसले नाहीत.

मशीनचं वजन मी रामनगरच्या एका धान्याच्या दुकानात केलं. किलोची मापं नवीन होती. दुकानदार शेर म्हणून सुरुवात करी आणि किलोवर येई. वजन अठ्ठावीस किलो भरलं.

मंडळाने विचार केला आणि तो वाईट नव्हता. त्या वर्षी बेळगावच्या एका दुकानात बिनव्हॉल्व्हचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा लहान अँप्लिफायर आला होता. वजन सहा किलो. तो आठवडाभरासाठी मागून आणला. धाकूमामांनी तो एका हाताने उचलला, खालीवर केला आणि म्हणाले, "ह्यो तर कोंबड्याएवढा हाय." गुंदच्या नाटकाला तोच नेला. तिथे तो मोठ्याने वाजला, आम्ही सगळे खूश झालो. मी जाड तार वाजवली. धाकूमामा शेवटच्या बांधावर गेले, नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे थांबले आणि परत येऊन म्हणाले, "न्हाई."

"काय न्हाई?"

"आवाज उपाशी हाय."

मी चिडलो. म्हणालो, "मामा, तुमची मान मोडतेय म्हणून हे हलकं आणलं. सगळ्यांना पसंत आहे आणि तुम्हीच नाही म्हणता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान बांधत असताना ते आले. "मास्तर, घरला चला. च्या घ्या."

ओढा ओलांडून आम्ही वर चढलो. अंगणात त्यांची बहीण भात पाखडत बसली होती. येसूबाय. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. ती बसल्या जागेवरून हातांनी सरकत असे. पाखडणं, निवडणं, चटया विणणं ही सगळी कामं तिची. अंगावर हिरवं लुगडं होतं. चुंबळीची चिंधी कुठून येते ते मला तिथे कळलं. तिने माझ्यापुढे गुळाचा काळा चहा ठेवला आणि सूप बाजूला करून विचारलं, "मास्तर, औंदा तुमी जाड तार वाजवली न्हाई व्हय?"

"वाजवली की," मी म्हणालो.

"मग हिकडं आली न्हाई. बारीक तार आली. ती काय, चिलटागत कानाशी येती न् जाती. जाड आली की हितं कळतं." तिने तळहात जमिनीवर ठेवून दाखवला.

मी धाकूमामांकडे पाहिलं. ते अंगणाच्या कडेला उभे राहून खाली बोट दाखवत होते. ओढ्यापलीकडे नाटकाचं शेत होतं आणि त्याचा शेवटचा बांध अंगणातून सरळ दिसत होता.

"तितनं मला दिसती न्हवं बाय," ते म्हणाले. "जाड तार पोचली तर सूप वर करती. न्हाई पोचली तर खाली. आमचं ठरल्यालं हाय."

"हिला नाटकाला का आणत नाही मामा? तुम्ही सहज उचलून आणाल."

यावर येसूबायच बोलली. "आणतो म्हणतोय की दरसाल. मीच न्हाई येत. ह्यानं मला डोक्यावर घेऊन आणलं तर गाव नाटक सोडून मला बगंल. मग राजाचं काम करणारा काय करंल बिचारा?"

"तिला न्हेता येत न्हाई," धाकूमामा म्हणाले. "मग आवाज हिकडं आणायचा."

"पण मामा, तुम्ही तर अणशीतसुद्धा बांधावर जाता. तिथे कोण आहे तुमचं?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "तितं बी कुणाची तरी येसू आसंल की."

चार वर्षं त्या गावात मी वाजवत होतो. माझा सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारा श्रोता ओढ्यापलीकडे होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. परतीच्या वाटेवर मी ठरवलं की मशीन व्हॉल्व्हचंच राहील, जाड तार तशीच राहील आणि वजन उतरेल. कसं ते मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक असण्याची शक्यता असलेला माणूस रामनगरात एकच होता, कल्लाप्पा मेस्त्री. मूळचा धारवाडकडचा. ट्रकच्या डायनामोंची तार नव्याने गुंडाळायचा आणि उरलेल्या वेळात रेडिओ उघडायचा. गोव्याची हद्द खुली झाल्यापासून रस्त्यावर ट्रक वाढले होते आणि त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गर्दी असे. त्याने मशीन उघडलं, आत पाहिलं आणि निकाल दिला, "लोखंड जास्ती आहे. ट्रान्सफॉर्मर म्हशीसारखे आहेत. अर्ध्या पट्ट्या काढू."

पट्ट्या काढल्या. दीड किलो उतरला. शेडमध्ये लावून पाहिलं तर आवाज असा घुमला की बाहेरचे ड्रायव्हर आत डोकावले. कल्लाप्पाने माझ्याकडे विजयाने पाहिलं. धाकूमामा कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "भायेर न्हेऊया."

"बाहेर कशाला?"

"पत्र्याखाली बेडूक बी म्हशीगत वरडतंय."

कल्लाप्पा भडकला. "एय धाकू, डोक्यावर वाहणाऱ्यानं मला कान शिकवायचा? सुम्मनं, गप्प बस." तरी आम्ही मशीन बाहेर नेलं. शेडमागे मोकळं शेत होतं. धाकूमामा चालत गेले आणि परत आले. नुसती मान हलवली. तीही पूर्ण हलत नव्हती. दहा मिनिटांत ट्रान्सफॉर्मर हाताला पोळेल एवढा तापला. कल्लाप्पाने निमूटपणे पट्ट्या परत बसवल्या. पुढे मी आणखी काही काढू का म्हणून विचारलं की तोच कानडीत ओरडे, "ब्याड, ब्याड! लोखंडाला हात लावू नको."

मग त्याने स्पीकर बदलून पाहिला. लहान स्पीकर हलका होता, पण जाड तार गेली. तो परत काढला. असे दोन महिने गेले. पावसाळा जवळ आला. धाकूमामा गावी जायच्या तयारीत होते. ते निरोप घ्यायला शेडमध्ये आले तेव्हा मशीनचे सगळे भाग वेगवेगळे पडले होते. एकीकडे लोखंडी सांगाडा, त्यावर ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह. दुसरीकडे स्पीकर. आणि भिंतीशी ती रिकामी पेटी. धाकूमामा सवयीने वाकले आणि त्यांनी पेटी उचलायला हात घातला. उचलता उचलता थांबले.

"मेस्त्री, हिच्यात आता काय हाय?"

"काही नाही. रिकामी आहे."

"मग ही जड कशी?"

कल्लाप्पाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्ही पेटी धान्याच्या दुकानात नेली. पंधरा किलो. सांगाडा नऊ, स्पीकर चार. अठ्ठावीसातले पंधरा किलो एका रिकाम्या पेटीचे होते आणि आम्ही दोन महिने लोखंडाच्या मागे लागलो होतो.

ही चूक दुसरीकडे कुठे झाली असती असं मला वाटत नाही. आमच्याकडे सागवान हा मान होता. दार किती जाड, खाट किती जाड, यावरून घर ओळखायचं. पेटी इंचभर जाडीची आहे हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत असू. लाकडाच्या मुलखात लाकडालाच वजन असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते फक्त वाहणाऱ्याच्या.

"पातळ प्लायवूडची करू," कल्लाप्पा म्हणाला. चहाच्या खोक्याच्या फळ्यांची एक करूनही पाहिली. जाड तार वाजली की ती पेटी भुंग्यासारखी गुरगुरे. धाकूमामा बांधापर्यंत गेलेच नाहीत. म्हणाले, "हिला कापरं भरलंय." मग जरा थांबून म्हणाले, "शिवण बगूया."

शिवणीचं लाकूड हलकं असतं, पण पोचट नसतं. ऊनपाण्याने वाकत नाही. त्यांच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर शिवणीच्या चार फळ्या होत्या. वडिलांनी भाताच्या कोठीसाठी आणून ठेवल्या होत्या. कोठी झाली नाही आणि फळ्या तीस वर्षं धुरात वाळत राहिल्या. पावसाळा संपल्यावर ते त्या घेऊन आले. काळ्याकुट्ट होत्या. एकीवर बोटाची पेरं मारून त्यांनी कल्लाप्पापुढे धरली. "आईक." कल्लाप्पाने कान लावला. मग दुसऱ्यांदा त्याने स्वतःच पेरं मारून पाहिली.

पेटी धाकूमामांनीच केली. वाकस आणि रंधा घेऊन शेडच्या दारात बसत. डाव्या हाताची बोटं फळी नीट धरत नसत, म्हणून ती मी धरायची. अर्ध्या इंचाची जाडी ठेवली, कोपरे आतून बळकट केले. सागवानासारखी चमक तिला आली नाही. मंडळातले काही जण म्हणाले, मशीन आता कोंबड्याच्या खुराड्यासारखं दिसतं. धाकूमामा म्हणाले, "दिसू दे. अंडं चांगलं दिलं म्हंजे झालं."

स्पीकरसकट पेटी दहा किलो भरली. बरोबर दहा. "डाक्टरचं बी राहिलं," ते म्हणाले. नऊ किलोचा सांगाडा आता पेटीत बसवायचा नाही, वेगळा न्यायचा, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी विचारलं, "आणि तो कोण नेणार?"

त्यांनी खिशातून हिरव्या लुगड्याची नवी चुंबळ काढली आणि माझ्या हातात ठेवली. "बायनं दिलीया. मास्तरांना म्हणाव, मान ताठ ठेवा न् नदर लांब."

अशा रीतीने वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी डोक्यावर भार घेऊन चालायला शिकलो. धाकूमामा मागून चालत शिकवत. "पाय बगू नका, पाय कुटं पळून जात न्हाईत." "खांदं सोडा. खांद्यावर काय हाय? कायबी न्हाई." "दमला तर सांगा. भार डोक्यावर आसतो, लाज न्हवं." गुंदला पोचलो तेव्हा व्हॉल्व्ह पाचही शाबूत होते.

संध्याकाळी शेतात मशीन लावलं. मी जाड तार वाजवली आणि ती विरेपर्यंत थांबलो. धाकूमामा निघाले. या वेळी मी त्यांच्याकडेच बघत होतो. एक बांध, दुसरा, शेवटचा. तिथे ते उभे राहिले. माझ्या जागेवरून ओढ्यापलीकडचं अंगण झाडांआड होतं. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला आणि तोंड पुसलं. परत येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"हाय," ते म्हणाले. आणि पुढे जे म्हणाले ते त्यांनी पूर्वी कधी म्हटलं नव्हतं. "पयल्यापरीस जास्त हाय."

मी नंतर शिक्षकी सोडली आणि बेळगावच्या एका दैनिकात लागलो. तिथे संपादकांनी पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावली. बातमी लिहिलीस, ठीक आहे. ज्याच्यासाठी लिहिलीस त्याला कळते का, ते पाहिलंस का? सहकाऱ्यांना ती जाचक वाटे. मला नवी वाटली नाही. पत्र्याखाली घुमणाऱ्या आवाजाला भुलू नये आणि आपल्या शब्दाचा निकाल शेवटच्या बांधावरून घ्यावा, हे मला आधीच कुणीतरी शिकवलेलं होतं. जे वजन आपण मिरवतो ते आधी तराजूत घालावं, हेही. या दोन गोष्टींवर मी आयुष्यभर जगलो. त्याबद्दल त्यांचे आभार मानायची संधी मिळाली असती तर ते म्हणाले असते, "मास्तर, आधी ते सांगाडं उचला."

१९६६ च्या पावसाळ्यात धाकूमामा तापाने गेले. ओढ्याला पूर होता, वैदूलाही पलीकडे जाता आलं नाही. आम्हाला रामनगरला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. येसूबायचं पुढे शेजारच्या घरातली सून करू लागली.

१९६७ च्या सुरुवातीला गुंदचं नाटक आलं. नोकरीचं पत्र माझ्या खिशात होतं, हे माझं शेवटचं वाजवणं होतं. शिवणीची पेटी मी डोक्यावर घेतली. सांगाडा कोण नेणार हा प्रश्न होता. निघायच्या दिवशी कल्लाप्पा मेस्त्री शेडला कुलूप लावून बसथांब्यावर आला. तो ट्रक सोडून कुठे गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "लोखंड माझं आहे, मी नेतो." वाटेत तो दर विसाव्याला थांबला आणि दर विसाव्याला त्याने धाकूमामांना शिव्या दिल्या. येसूबायच्या सुपाची खूण मी त्याला त्याच वाटेवर सांगितली.

संध्याकाळी मी गिटार मांडीवर घेतली. मशीन तापलं, व्हॉल्व्ह लाल झाले. आधी जाड तार. मी ती वाजवली आणि सवयीने वर पाहिलं. कुणी उठलं नाही. सगळे जवळ बसले होते आणि जवळ बसल्यावर सगळंच गोड लागत होतं.

मी पुढचं काही वाजवू शकलो नाही. कल्लाप्पा मशीनशेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शेताकडे. हात पुसले. "थांब," म्हणाला. "मी जातो." आणि तो बूट घातलेल्या पायांनी धसकटांतून अडखळत निघाला. एक बांध, दुसरा, शेवटचा. तिथे उभा राहून त्याने डोळ्यांवर हात धरला.

परत यायला त्याला वेळ लागला. दम लागला होता.

"सूप वर आहे," तो म्हणाला. "मी हात केला तरी खाली घेत नाही. तसंच धरून बसलीय. अजून वाजव म्हणते वाटतं."

मी जाड तार पुन्हा वाजवली.